बदकं आहेत, तरी लॉन आहे

घरी पहिल्यांदा येणारा माणूस परसात डोकावतो, बदकांकडे बघतो, मग पायाखाली बघतो आणि विचारतो, "ही असताना लॉन टिकतं कसं?" काही जण कौतुकानं विचारतात, काही जण मी रात्री गुपचूप नवं गवत लावत असेन अशा संशयानं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पहिल्या वर्षी टिकलं नव्हतं.

४ बदकं आणली तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्यांनी धीर दिला होता की बदकं जमीन उकरत नाहीत. खरं आहे ते. पडदे असलेल्या पायांनी काय उकरणार? पण बदकाला चोच असते, हे कोणी बोललं नाही. ओली जमीन दिसली की ते चोच खुपसतं, पाण्याच्या टबाकडे जाऊन घोटभर पाणी घेऊन येतं, त्या भोकात ढवळतं, चिखल चाळून अळी मटकावतं आणि पुन्हा खुपसतं. एकाचं बघून बाकीची तिन्ही तिथेच. तासाभरात बोटभर भोकाचं घमेलं होतं.

त्यात मी काय करत होते, तर टब एकाच कोपऱ्यात ठेवत होते आणि संध्याकाळी तिथेच उपडा करत होते. दीड महिन्यात त्या कोपऱ्यात पातं उरलं नाही, नुसता वास मारणारा रबरबाट. मी बदकांवर करवादत होते. पण चार पावलांवर, जिथे जमीन कोरडी होती, तिथलं गवत तसंच उभं होतं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कोरड्या, घट्ट जमिनीत बदकाला फारसा रस नसतो. मी सांभाळायचं होतं ते पाणी.

आता पाणी काही काढून घेता येत नाही. तळं नसलं तरी बदकाचं भागतं, पण डोळे-नाकपुड्या धुता येतील, म्हणजे पूर्ण डोकं बुडेल, इतकं खोल भांडं लागतंच. शिवाय दाणे खाताना दर दोन घासांना त्याला पाणी हवं असतं, आणि निम्मं पाणी ते बाहेर सांडतं. म्हणून एका बाजूला फूटभर खणून खाली खडी भरली, वर गुळगुळीत गोटे अंथरले आणि टब नि दाण्याचं भांडं दोन्ही त्यावर. गोटे गुळगुळीतच हवेत. टोकदार खडीनं तळपायाला जखम होते, ती आत चिघळते आणि गाठ धरते. मग बदक लंगडतं आणि आपण हळहळत बसतो. सांडलेलं पाणी आता खडीतून मुरून जातं, चिखलाला जागाच राहत नाही.

टबातलं गढूळ पाणी मी बादलीनं झाडांना घालते, रोज वेगळ्या झाडाला. बदकाच्या विष्ठेत पाणी भरपूर आणि नत्रही बरंच. ती विखुरली तर खत, एका जागी साचली तर गवत पिवळं पडून जळतं. लॉनवर कुठे ढीग दिसलाच तर पाइपानं पाण्याचा फवारा मारून पांगवायचा. तोही सकाळी, बदकं आत असताना, नाहीतर तुम्ही ओली केलेली जागा त्यांना आमंत्रणच वाटते.

पाऊस पडून गेला की लॉन बंद. टाच दाबून बघायची. खळगा उमटला तर जाळीचं दार उघडायचं नाही. माद्या आभाळ डोक्यावर घेतात. (नर बिचारा घोगरं काहीतरी पुटपुटतो. 'क्वॅक क्वॅक' हा सगळा माद्यांचा कारभार.) पहिल्या वर्षी मला दया यायची. आता येत नाही.

एवढं केलं की बाकीचं सोपं आहे. गुडघाभर उंचीच्या जाळीनं लॉनचे तीन भाग केलेत. एक भाग वापरात, दोन विश्रांतीला, दोनेक आठवड्यांनी बदल. माझी बदकं अंगानं जड, उडत नाहीत. मस्कोव्ही जातीची असतील तर ही जाळी त्यांच्यासाठी गंमत आहे. गवत हरळीसारखं, आडवं पसरून स्वतःच भोकं भरून काढणारं हवं आणि ते तळातून भादरायचं नाही. बी टाकलं असेल तर पातं ओढल्यावर उपटून येत नाही इतकं धरेपर्यंत तिकडे फिरकू द्यायचं नाही. गोगलगायींचं विष आणि तणनाशक मात्र कायमचं बंद. विष खाल्लेली गोगलगाय बदकाच्याच पोटात जाणार, आणि नाहीतरी बदकं गोगलगायी शिल्लक ठेवत नाहीत.

एवढ्याशा जागेत दहा-बारा बदकं ठेवायची असतील तर यातलं काहीच पुरणार नाही. आणि गालिच्यासारखं एकसारखं लॉन हवं असेल तर बदकं पाळू नका, हे मी तोंडावर सांगते. माझ्या लॉनवर जवळून पाहिलं तर भोकं आहेत, दुरून हिरवं आहे.

एक पट्टा मात्र मी हरले. खुराड्याच्या दारापासून टबापर्यंत बदकं रोज सकाळी एकामागोमाग एक, त्याच रेषेतून जातात. तीनदा बी टाकलं, तीनदा गेलं. शेवटी तिथे फरश्या बसवल्या. आता ती फरश्यांच्या शेजारून चालतात.