एकाच रकान्याचा फॉर्म

पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीजची कंडरा तुटली का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. खेळाडूला पालथं झोपवायचं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर घ्यायची आणि पोटरी दाबायची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं. २०२४च्या वसंतात, ब्रिटिश बास्केटबॉल लीगच्या एका सामन्यात, फिजिओ म्हणून मी एका खेळाडूची पोटरी दाबली आणि पाऊल ढिम्म हललं नाही. टाचेच्या वर बोटाला खाच लागली.

"मागून लाथ कुणी मारली?" त्याने विचारलं. जवळपास कुणीच नव्हतं. हे दुखणं असंच वाटतं.

मग म्हणाला, "फ्लॅट कधी सोडावा लागेल?"

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली श्रीमंत लीग, बघणाऱ्यांना हा प्रश्न कळणार नाही. इथे करार बहुधा एका हंगामाचा आणि राहायची जागा क्लबची. सकाळी सराव, दुपारी शाळांत मुलांना शिकवणं. लंडनमध्ये वाढलेला लुओल डेंग एनबीएच्या निवडक खेळाडूंत, ऑल-स्टारमध्ये, दोनदा आला, पण तो चौदाव्या वर्षीच अमेरिकेला गेला होता. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटन स्पेनकडून ७८-७९ असं एका गुणाने हरलं. माझा हा खेळाडू तेव्हा शाळेत होता, ती मॅच पाहूनच त्याने बास्केटबॉल खेळायचं ठरवलं. २०१४ मध्ये यूके स्पोर्टने, म्हणजे खेळांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेने, बास्केटबॉलचा निधी काढला, कारण पदकाची आशा दिसेना. मला तो निर्णय कोता वाटतो.

क्लबने फॉर्म पाठवला. त्यात एकच रकाना: परतण्याची तारीख. "सहा महिने लिही ना," तो म्हणाला. मी नऊ ते बारा लिहिले. करार वाढला नाही. जूनमध्ये तर लीगचाच परवाना गेला आणि मग तिच्या जागी सुपर लीग बास्केटबॉल उभी राहिली.

उपचार मी सोडले नाहीत. बुटातल्या टाचेखालच्या पाचरी एकेक करून काढल्या, सुरुवातीला पोटरी ताणूच दिली नाही. कंडरा लांबट जुळली की उडीतला जोर कमी होतो, बहुधा कायमचाच. घाईत नेमकं हेच बिघडतं. पुढच्या वर्षी एका पायावर पंचवीस वेळा त्याने टाच उचलली, दुसऱ्या पायाइतकीच उंच. मला त्याचा फार अभिमान आहे.

तोवर संघ भरले होते. आता तो खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो. तारीख मी आजही तीच लिहीन. पण हा माणूस परतेल, वाट पाहण्याच्या लायकीचा आहे, हे लिहायला त्या फॉर्ममध्ये जागा का नसावी?