पोळपाट-लाटणं घेऊन या

जानेवारीत दारातल्या बर्फावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर ‘ऑक्युपेशनल थेरपी’ची चिठ्ठी मिळाली. रबरी चेंडू दाबा, शेक घ्या, एवढंच असेल असं धरून गेले. तर तिथल्या थेरपिस्ट बाईंनी मनगटाला हात लावायच्या आधी विचारलं, ‘घरी या हाताने रोज काय काय करता?’ म्हटलं, पोळ्या. हवेत लाटून दाखवल्या. म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी ते सामान घेऊनच या.’ रोजची कामंच करून घेत ती पुन्हा जमवून देणारा उपचार म्हणजे ही थेरपी, हे तेव्हा कळलं.

गेले की पिशवीत पोळपाट घालून! बाईंनी पोळपाटाखाली न सरकणारं रबर घातलं, लाटण्याच्या मुठी फडकं गुंडाळून जाड केल्या. तिसऱ्या पोळीला मनगट कळवळलं. तिथेच थांबवलं आणि कागदावर ‘तीन’ लिहिलं. (विमा कंपनीने फक्त आठ खेपा मंजूर केल्यात. त्या पत्रव्यवहारावर वेगळी पोस्ट होईल.)

भिंतीवर एक जुना फोटो होता, सहा माणसांचा. मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहते. इथून तासाभराच्या अंतरावर क्लिफ्टन स्प्रिंग्ज म्हणून गाव आहे, तिथला. मार्च १९१७. याच सहा जणांनी तिथे या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था काढली. डन्टन मनोविकारतज्ज्ञ, एलिनॉर स्लेगल समाजसेविका, सुसान जॉन्सन हस्तकला शिकवणारी, किडनर कॅनडातून आलेला, इझाबेल न्यूटन सेक्रेटरी. आणि ज्याच्या घरी सगळे जमले तो जॉर्ज बार्टन चक्क आर्किटेक्ट! याला क्षय झालेला, हिमदंशाने पायाची बोटं गेलेली, वर डावं अंग लुळं पडलेलं. पठ्ठ्याने बागकाम आणि सुतारकाम करत स्वतःला उभं केलं, आणि त्या घराचं नाव ठेवलं ‘कन्सोलेशन हाउस’. सांत्वनगृह म्हणा. डॉक्टरांना जे पेशंटकडून शिकावं लागलं, ते मला फार आवडलं.

पण गप्प बसवेना. म्हटलं, आमच्या मुंबईत केईएममध्ये १९५० पासून हे शिकवतात. मामेबहीण तिथेच शिकली, म्हणून माहीत. (आम्ही तिला जन्मभर ‘फिजिओ’ म्हणत आलो, ती चिडायची.) बाईंनी विचारलं, कोणी सुरू केलं? कमला निंबकर, मी ऐटीत म्हटलं. मग सांगावंच लागलं की त्या मूळच्या एलिझाबेथ लंडी, अमेरिकन. लग्न करून १९३० मध्ये भारतात आलेल्या आणि हे शिक्षण फिलाडेल्फियात घेतलेल्या. बाई नुसत्या हसल्या. मीही लगेच सुनावलं, की १९५२ साली या विद्येची जागतिक संघटना झाली, तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. आणि लग्न करून आली ती सून आपलीच की!

खरं तर आपल्याकडे मोडक्या हाताने पोळ्या लाटायची वेळ येत नाही, सासू, जाऊ, पोळ्यावाल्या मावशी असतात. इथे मी आणि नवरा. त्याची पोळी पापडाला लाजवते.

रात्री साताऱ्याला फोन केला. आई म्हणाली, ‘निंबकर म्हणजे फलटणचे? ते शेळ्या-मेंढ्यांवाले?’

‘त्यांच्या आई गं.’

‘अगंबाई! आणि तुला तिकडे पोळ्या लाटायला लावतात?’