नवऱ्याच्या आयरिश आजीचे कागद शोधायला डब्लिनला गेलो होतो, त्याबद्दल

आजी-आजोबांपैकी एक जण जरी आयर्लंड बेटावर जन्मलेलं असेल (नॉर्दर्न आयर्लंड पण चालतं) तरी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि ते आधीचा पासपोर्ट सोडायला लावत नाहीत. नवरा अमेरिकन, त्याची आजी कॉर्ककडची, म्हणून हा उद्योग.

खरं सांगायचं तर नुसत्या सर्टिफिकेटसाठी जायची गरज नाही, ती ऑनलाइन मागवता येतात. 1922 साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत आयर्लंडच्या सगळ्या जुन्या नोंदी जळल्या असं लोक ठोकून देतात, पण जन्म-लग्नाच्या सरकारी नोंदी वाचल्यात आणि शंभर वर्षांहून जुन्या जन्मनोंदी इंटरनेटवर फुकट दिसतात. आमची अडचण वेगळीच होती, एकाच नावाच्या ढीगभर मुली, त्यातली आपली आजी कोणती? डब्लिनमध्ये वर्बर्ग स्ट्रीटवर जन्म-लग्न नोंदणी कार्यालयाची रिसर्च रूम आहे, तिथे इंडेक्सची जाडजूड पुस्तकं उलटत बसलो. शेवटी कामी आलं आजीचं अमेरिकेतलं मॅरेज सर्टिफिकेट, त्यावर तिच्या आईचं माहेरचं आडनाव होतं, ते जन्मनोंदीशी जुळवलं आणि मग 1911 च्या जनगणनेत तेच घर, तीच भावंडं सापडली. तारखेवर मात्र फार विसंबू नका. उशिरा नोंद केली की दंड पडायचा म्हणून आईबाप जन्मतारीख बिनधास्त पुढे ढकलायचे, त्यामुळे चर्चच्या वहीत बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या आधीच झालेला दिसतो 😄

रिसर्च रूममधली फोटोकॉपी अर्जाला चालत नाही, आईवडिलांची नावं असलेलं पूर्ण सर्टिफिकेटच लागतं. आजीचं जन्म, लग्न, मृत्यू, मग सासूबाईंचं जन्म-लग्न आणि त्यांचं आयडी, मग नवऱ्याचं, अशी साखळी. आडनाव जिथे जिथे बदललं तिथे कागद हवाच, मॅरेज सर्टिफिकेट त्यासाठीच मागतात.

फी मोठ्या माणसाला 278 युरो. ज्यांना मूल हवंय त्यांनी अर्ज आधी उरकून घ्या, कारण नागरिकत्व नोंद झाल्या दिवसापासून धरतात, त्याआधी जन्मलेल्या मुलांना या वाटेने पुढे मिळत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. आणि ओरिजिनल कागद पोस्टाने पाठवावे लागतात, परत येतात पण वेळ लागतो, तेव्हा सगळं स्कॅन करूनच पाकीट बंद करा.