बोअर मारून झाल्यावरचं काम

खानापूरला फोन केला की काका हटकून विचारतात, "बोअरात वायर सोडायचे एवढे पैसे देतात व्हय रे?" देतात. आपल्याकडं पाणी लागलं की मोटर सोडून लोक मोकळे होतात. इथं, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या बोवेन खोऱ्यात, कोळशासाठी बोअर मारून झाला की आमचं काम सुरू होतं.

बेळगावच्या काळ्या दगडात कोळसा नाही, पण उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंड वितळवायची कुपोला भट्टी पाहिलेल्यांना कोक, म्हणजे कोळसा हवेविना तापवून केलेलं इंधन, नवा नाही. तो ज्या कोळशापासून बनतो तो भारत मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियातूनच आणतो. इथले थर पर्मियन काळातले, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुने.

लांब नळीसारखं यंत्र बोअरच्या तळापर्यंत सोडायचं आणि वर ओढताना मोजायचं. याला लॉग करणं म्हणतात, आणि निघालेल्या आलेखाला लॉग. वर येताना केबल ताणलेली असते, त्यामुळं खोली नेमकी मिळते. यंत्रात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी स्रोत असतो. त्याचे गॅमा किरण दगडातून किती परत येतात यावरून घनता कळते. वालुकाश्म २.३ ते २.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, चांगला कोळसा १.३ ते १.५. आलेख तिथं धपकन पडतो.

पण आलेख पडला की कोळसा सापडला म्हणणारा गडी नवखा समजावा. मऊ मडस्टोन, म्हणजे चिखलाचा बनलेला दगड, पाण्यानं ढासळला की बोअर तिथं रुंद होतो, यंत्र भिंतीला टेकत नाही आणि घनता खोटीच कमी दिसते. म्हणून मी आधी कॅलिपर, म्हणजे बोअरची रुंदी बघतो. रुंदी वाढलेली आणि दगडाचा स्वतःचा गॅमा, म्हणजे त्यातून आपोआप निघणारे किरणही जास्त, तर तो बहुतेक मडस्टोनच. कोळशाचा गॅमा सहसा कमी असतो.

सगळीकडं कोर, म्हणजे बोअरातून दगडाचा अख्खा दांडा, का काढत नाहीत? खर्च फार. शिवाय ठिसूळ कोळशाचा भुगा होतो आणि कोरचा तुकडा हरवतो. तो कुठल्या खोलीवरचा ते लॉगवरूनच कळतं. त्यामुळं थोडे कोर लॅबला, बाकीचे नुसते बोअर लॉग करून थर जोडत न्यायचा. राख आणि कोक होण्याचा गुण मात्र लॅबच सांगते, तिथं लॉगचा फार आव आणू नये.

भूमिगत खाणीच्या आखणीत खरी मजा येते. सॉनिक यंत्र दगडातला ध्वनीचा वेग मोजतं. त्यावरून छताच्या दगडाची ताकद आणि छत धरून ठेवणारे रॉक बोल्ट किती दाट मारायचे याचा अंदाज येतो. ध्वनीनं भिंतीचं चित्र काढणाऱ्या अकूस्टिक स्कॅनरवर बोअरच्या भिंतीचे समोरासमोरचे टवके दिसतात. जमिनीतला मोठा आडवा दाब त्यांच्या काटकोनात असतो, आणि बोगदे शक्यतो त्या दाबाच्या दिशेनंच काढतात, म्हणजे छत कमी ढासळतं.

या दोन्ही यंत्रांना बोअर पाण्यानं भरलेला लागतो. पाणी खाली उतरलं, तर इथंही टँकरच बोलवावा लागतो.