बालेर डायोरामा: रायादियोचे पट्टे अखेर जमले, आणि मांडणी बदलतेय

पट्टे जमले, मंडळी! फिलिपिन्समधल्या बालेरच्या वेढ्याचा डायोरामा, म्हणजे छोट्या आकृत्यांचं दृश्य, करतोय, त्यातल्या स्पॅनिश शिपायांचे हे पट्टे. मागच्या नोंदीत सगळ्या आकृत्यांचा रंग थिनरने उतरवून त्या पुन्हा राखाडी प्लास्टिकवर आणल्या होत्या, तेव्हा काही जणांनी सांगितलं होतं की रायादियोचा, म्हणजे त्यांच्या गणवेशाच्या पट्टेरी कापडाचा, नाद सोड, सरळ खाकी चढव आणि पुढे जा. तो सल्ला मानला नाही याचा आज फार आनंद आहे. १८९८ सालच्या फिलिपिन्समधला स्पॅनिश शिपाई म्हणजे पांढऱ्या सुती कापडावर बारीक निळे पट्टे. हा कपडा चुकला तर भिंत, विहीर, माउझर कितीही बरोबर असोत, बघणाऱ्याला ते कुठल्याही युद्धातले कोणतेही सैनिक वाटणार. कासादोरेसची, म्हणजे स्पॅनिश हलक्या पायदळाची, ती तुकडी फिलिपिनो सैन्याच्या वेढ्यात बालेरच्या चर्चमध्ये १ जुलै १८९८ पासून २ जून १८९९ पर्यंत, म्हणजे ३३७ दिवस, कोंडून राहिली. त्या सगळ्या काळात त्यांच्या अंगावर हेच कापड होतं.

अडचण साध्या गणिताची आहे. खऱ्या कापडावरचा पट्टा एक मिलिमीटरचा धरला तरी १:३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या आकारात, तो ०.०३ मिलिमीटरच्या आत येतो. माणसाचा केससुद्धा साधारणपणे त्याहून जाड असतो. म्हणजे ब्रशने, पेनने, कशानेही ओढलेली रेघ इथे दोरखंडासारखीच दिसणार. ट्रिपल झिरो या अगदी बारीक ब्रशने ओढलेल्या रेघांचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. ते शिपाई कमी आणि रात्रीचा पायजमा घालून निघालेले रुग्ण जास्त वाटत होते. बारीक टोकाच्या पेनची शाई क्लिअर कोट (पारदर्शक लेप) बसताच पसरली. पेन्सिलीची रेघ बारीक येते, पण ग्रॅफाइट चमकतं आणि कापड पत्र्यासारखं दिसतं. डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील पापुद्रा, हा सगळ्यांचा लाडका उपाय, आणि पाठीच्या सपाट भागावर तो देखणा बसलाही. पण कोपराच्या चुण्यांवर, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली डिकल दुमडतो, हवा अडकते, सिल्व्हरिंग होतं, म्हणजे खाली चंदेरी चमक दिसते. डिकल मऊ करणारा सॉफ्टनर ओतला की पट्टे वितळून एकमेकांत शिरतात. बाहीच्या शिवणीवर तर दोन तुकड्यांचे पट्टे कधी जुळलेच नाहीत.

मार्ग सापडला तो चर्चच्या दारामुळे. दाराच्या फळ्यांना लाकडाची रेघ यावी म्हणून जाड प्रायमर लावून तो ओला असतानाच ताठ ब्रशने लांबीत ओढतो, ही आपली नेहमीची पद्धत. फळ्यांवर वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) मारला, पुसला, आणि बाजूच्या दिव्यात त्या रेघा बघताना लक्षात आलं की लाकडाऐवजी हे पांढरं-निळं असतं तर तो रायादियो असता! पट्टा रंगवायचाच नाही. त्याच्यासाठी खाचा करायच्या आणि रंगाला स्वतःहून तिथे जाऊ द्यायचं.

आता तपशील, कारण बऱ्याच जणांनी विचारून ठेवलं आहे. ॲक्रिलिक प्रायमर पातळ न करता ब्रशनेच लावायचा, एका वेळी एकच भाग: एक बाही, मग पाठीचा अर्धा भाग. तो ओढीला येईपर्यंत थांबायचं. पृष्ठभागाची ओली चमक गेली पण बोटाला अजून चिकटतोय, तो क्षण धरायचा. मग डुकराच्या केसांचा चपटा ब्रश, केस निम्म्यावर कापून ताठ केलेला, कोरडाच, वरून खाली एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा फिरवला की खाचा एकमेकींवर चढतात. अंगरख्यावर खांद्यापासून खाली, बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत हाताच्या वळणाबरोबर, उभ्या कॉलरवरही उभ्याच. प्रायमर पूर्ण कडक झाला की एअरब्रशने मळकट पांढऱ्याचा अगदी पातळ थर आणि त्यावर ग्लॉसचा तितकाच पातळ थर. ग्लॉस जाड झाला की खाचा भरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मग प्रशियन ब्लूमध्ये थोडा करडा मिसळलेला ऑइलचा वॉश सगळीकडे. थोडा बसू द्यायचा आणि मेकअपच्या स्पंजच्या कोरड्या तुकड्याने आडवा पुसायचा, खाचांना काटकोनात. सगळी किमया या आडव्या पुसण्यात आहे. उभं पुसलं तर स्पंज खाचेत शिरून रंग बाहेर काढतो. आडवं पुसलं तर उंचवटे पांढरे होतात आणि निळा खाली राहतो.

पहिली आकृती भिंतीला टेकून बसलेल्या शिपायाची. हातभर लांबून तिचा अंगरखा फिकट निळसर करडा दिसतो, आणि खरा रायादियोही लांबून तसाच दिसतो. जवळ नेलं की पट्टे उलगडतात. डाव्या कोपराला बाही चुरगळली आहे, तिथे पट्टे चुणीबरोबर आत जातात आणि पलीकडून किंचित सरकून बाहेर येतात, शिंप्याने कापड तिथेच दुमडल्यासारखे. हे डिकलने कधी दिलं नसतं. बाहीच्या आतल्या शिवणीवर खाचांची दिशा बदलते आणि शिवण न रंगवताच शिवण दिसते. बराच वेळ ती बाही भिंगाखाली फिरवून बघत राहिलो.

सामानाबद्दल दोन शब्द. या कामाला महागडे सेबल ब्रश काढूच नका. शाळेजवळच्या स्टेशनरीत मिळतो तो राठ ब्रश जास्त चांगली खाच पाडतो. ऑइल रंग कॅमलचे विद्यार्थ्यांसाठीचे वापरले. प्रशियन ब्लू इतका तीव्र आहे की ट्यूब आयुष्यभर पुरेल. पावसाळी हवेत ऑइल वाळायचं नाव घेत नाही, म्हणून लाकडी खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून त्यात आकृत्या ठेवतो. मॅट वार्निशही बाहेर धो धो पडत असताना मारायचं नाही, पांढुरकी साय धरते. गवती टोप्या मात्र ज्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवल्या, त्याच्याकडून पुन्हा काही घेणार नाही. कडा वाकड्या, रेझिन चिकट, आणि बदलून देण्याचं नाव नाही. टोप्या आता एपॉक्सी पुट्टीच्या स्वतःच करतोय.

कापड जमल्यावर पुढचा प्रश्न ते झिजवण्याचा. अकरा महिने ऊन, पाऊस, घाम आणि तोच कपडा. खांद्यावर आणि गुडघ्यावर वॉश जवळजवळ पूर्ण पुसून टाकला, तिथे पट्टे विरून नुसतं पिवळट पांढरं कापड उरलं. काखेत आणि कमरपट्ट्याखाली निळा गडद ठेवला, कारण तिथे ऊन पोहोचत नाही. ठिगळांसाठी खाचा आडव्या घेतल्या. गुडघ्यावरचं पट्टे आडवे गेलेलं एवढंसं ठिगळ सगळ्या पाटलोणीची कथा सांगतं.

पायांवर मात्र पुट्टी वाढवावी लागली. या तुकडीला गोळ्यांपेक्षा बेरीबेरीने जास्त मारलं. लेफ्टनंट आलोन्सो सायास ऑक्टोबर १८९८ मध्ये आणि कॅप्टन दे लास मोरेनास २२ नोव्हेंबरला, दोघंही त्यानेच गेले आणि सूत्रं लेफ्टनंट सातुर्निनो मार्तीन सेरेसोकडे आली. आपल्याकडे हातसडीच्या तांदळाचं महत्त्व आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्यामागचं शास्त्र त्याच दशकात जावामध्ये क्रिस्तियान आइकमन कोंबड्यांवर अभ्यासत होता: पॉलिश केलेला तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडत, कोंडा दिला की त्या सावरत. बालेरच्या चर्चमध्ये हे कोणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. बेरीबेरीच्या एका प्रकारात घोट्यापासून वर सूज चढते, म्हणून बसलेल्या शिपायाचे पाय अनवाणी केले, घोट्याचं हाड पुट्टीखाली गाडलं आणि त्वचेवर सॅटिन कोट दिला, कारण ताणलेली त्वचा चकाकते. ही आकृती करताना हात जड झाला होता. ही विशीतली गरीब घरची मुलं होती.

विहीर झाली, चुलाणं झालं, विटांनी बुजवलेली खिडकी झाली. त्यांचे फोटो वेगळे टाकतो. आजच्या बालेरच्या चर्चचे फोटो पाठवणाऱ्यांचे आभार, पण ती इमारत १९३९ मध्ये पुन्हा बांधलेली आहे, त्यामुळे दर्शनी भागासाठी तिचा उपयोग नाही. झेंड्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. मूळ निशाण फाटल्यावर आत असलेल्यांनी चर्चमधल्या लाल झग्यांचं कापड आणि पिवळी मच्छरदाणी जोडून नवं केलं होतं. मच्छरदाणीचा पोत १:३५ मध्ये आणायला चहाच्या पिशवीचा कागद सापडला! वाळवून, पिवळ्या शाईत बुडवून, पातळ फेव्हिकॉलने लाल टिश्यूला जोडला. दिव्यासमोर धरला की पिवळा पट्टा उजेड आत घेतो आणि लाल घेत नाही.

आता मांडणीचं. ठरलं होतं १४ डिसेंबर १८९८ चं दृश्य: डॉक्टर विहिल दे किन्योनेस स्वतः बेरीबेरीने आजारी, ताजं काही खायला मिळालं नाही तर सगळेच संपतील अशी अवस्था, आणि निवडक शिपाई अचानक बाहेर पडून जवळची घरं पेटवतात, वेढा मागे रेटतात आणि भोपळे, पाला, संत्री घेऊन आत येतात. भोपळ्याच्या वेलाची पानं पंचने कापून तयारही आहेत. या तारखेचं मला विशेष वाटतं, कारण १० डिसेंबरलाच पॅरिसचा तह होऊन स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला २ कोटी डॉलरला देऊन टाकलं होतं. भोपळ्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांना आपण कोणासाठी लढतोय हेच कळलेलं नव्हतं.

पण रायादियोची चाचणी घेताना एक जादा धड हाताशी होतं. त्यावर नवंकोरं, न विटलेलं कापड करून बघितलं आणि ते फिलिपिनो सैनिकाचं म्हणून बाजूला ठेवलं, कारण फिलिपिनो प्रजासत्ताकाच्या सैन्याचा गणवेशही रायादियोचाच होता. दोन आकृत्या शेजारी ठेवल्या आणि माझा सगळा आराखडा हलला. एकीकडे विटून पांढरं पडलेलं, दुसरीकडे ठसठशीत निळं, आणि कापड तेच. बालेरचे जे जे डायोरामा मी पाहिले आहेत, त्यात चर्चमधल्या प्रत्येकाला चेहरा आहे आणि खंदकातल्या लोकांना नुसत्या टोप्या. हे मला पटत नाही. स्वातंत्र्याचं युद्ध खंदकात चाललं होतं. तेओदोरिको लुना नोविसिओच्या हाताखाली वेढा घालणारे त्याच मुलखातले होते, जळाली ती घरं त्यांची होती. शिवाय फेब्रुवारी १८९९ पासून ते अमेरिकेशीही लढत होते आणि मार्चअखेर त्यांची राजधानी मालोलोस पडली होती. एवढं सगळं अंगावर असताना त्यांनी बालेरला वाटाघाटीचे निरोप पाठवणं सोडलं नाही.

म्हणून दृश्य आता २ जून १८९९ चं. सेरेसोने प्रत्येक निरोप बनावट मानला, मनिलाहून आलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांवरही विश्वास ठेवला नाही. शेवटी त्याला पटवलं ते त्यांच्यापैकीच लेफ्टनंट कर्नल आगिलारने मागे ठेवलेल्या वृत्तपत्रातल्या एका छोट्या बातमीने: त्याच्या एका मित्राची बदली मालागाला झाली होती, आणि मित्राच्या मनातला तो बेत सेरेसोशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. बातमी खरी, म्हणजे बाकीचं वृत्तपत्रही खरं. वेढा घालणाऱ्या फिलिपिनो फौजेच्या कर्नल सिमोन तेकसोनच्या बाजूने करारात लिहून दिलं की शस्त्रं ठेवा, तुम्ही युद्धकैदी नाही. ३० जूनला फिलिपिनो प्रजासत्ताकाचा अध्यक्ष अगिनाल्दोने तार्लाकहून काढलेल्या आदेशात त्यांना मित्र म्हटलं. आजही फिलिपिन्समध्ये तो दिवस स्पेनशी मैत्रीचा दिवस म्हणून पाळतात.

नवी मांडणी अशी: पाया ४० बाय ३० सेंटिमीटर, चर्चचं दार डाव्या मागच्या कोपऱ्यात आणि समोरचा सगळा भाग खंदकाचा. बघणारा फिलिपिनो सैनिकांच्या खांद्यामागून दाराकडे पाहील. दारातून तिघं-चौघंच बाहेर येताना, बसलेला सुजलेल्या पायांचा शिपाई भिंतीशी. खंदकातले मात्र सगळे चेहऱ्यांसकट, कोणी गणवेशात, कोणी साध्या गावच्या कपड्यांत, डोक्यावर पुट्टीच्या टोप्या. वृत्तपत्र सेरेसोच्या खिशातून डोकावेल एवढंच. भोपळ्याचे वेल वाया जाणार नाहीत, ते भिंतीच्या पायथ्याशी लावतो.

हे लिहितानाच वाटतंय की पाया मधोमध तिरका कापून चर्चची बाजू दोन सेंटिमीटर वर घ्यावी, म्हणजे खंदकातून वर बघण्याचा कोन आपोआप येईल. फोमबोर्डचा तुकडा ठेवून बघतो आणि फोटो टाकतो. ज्यांनी निपा या पामच्या झावळ्यांची छपरं १:३५ मध्ये केली आहेत त्यांनी कृपया सांगा, नारळाच्या काथ्याचे धागे चिकटवता की कागदाच्या पट्ट्या? जळालेल्या घराचा सांगाडा खंदकाच्या उजव्या टोकाला हवा आहे, आणि त्याच्यावर अर्धवट उरलेलं छप्पर.