जेजुरीच्या माळावरची वीतभर माती

सासवडहून जेजुरी आणि तिथून पुढे मोरगावला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला जे माळ लागतात ना, त्यांच्या मातीबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. मे महिन्यात ते माळ इतके करपलेले दिसतात की बघणारा म्हणतो इथे काय पिकणार, नुसता मुरूम तर आहे. पण मला विचाराल तर आमच्या भागातली सगळ्यात जपायला हवी अशी जमीन हीच आहे.

डोंगराच्या पायथ्याला कुठेही पहार मारून बघा, वीतभर आत गेली की ठण्ण वाजते. वर काळपट-तांबूस माती, तीही सगळी माती नाही, हाताने उचलली तर तिसरा हिस्सा खडेच निघतात, तिच्याखाली पिवळट मुरूम आणि त्याखाली थेट खडक. हा सगळा बसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. एवढा जुना खडक असून माती इतकी पातळ का, तर उतारामुळे. खडक झिजतो, माती तयार होते, आणि वळवाचा एक दणका पाऊस आला की त्यातलं बारीक बारीक सगळं खाली कऱ्हेच्या बाजूला जातं, म्हणून नदीकाठी पुरुषभर काळी माती आणि वर पायथ्याला खडे. दोन्ही एकाच दगडाची लेकरं, फक्त उतारावरची जागा वेगळी.

आता पाण्याचं बघू, कारण या जमिनीची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे. ढोबळ हिशोब करा, बारीक मातीच्या दर 10 सेंटिमीटर थरात झाडाला घेता येईल असं 12 ते 15 मिलिमीटर पाणी राहतं. माती 20 सेंटिमीटर, त्यातले खडे वजा केले तर हातात राहतं फार तर 18-20 मिलिमीटर. पावसाळ्यात वाढणारं गवत दिवसाला 4-5 मिलिमीटर सहज पितं, म्हणजे पावसाने चार-पाच दिवस दडी मारली की साठा संपला. इथला पाऊस आधीच 500-600 मिलिमीटरच्या आसपास, त्यात असे खंड. बाजरीसुद्धा इथे कशीबशी येते, मग मोठ्या झाडाचं काय घेऊन बसलात.

गवताचं मात्र जमतं. त्याच्या मुळ्या तंतूसारख्या, वरच्या वीतभर मातीतच दाट पसरतात, पाऊस पडला की झटक्यात हिरवं, खंड पडला की वाढ थांबवून वाट बघतं, दिवाळीनंतर वरचं वाळून जातं आणि बुडखा जमिनीत जिवंत राहतो. माती जरा जाड तिथे मारवेल, मधल्या उतारावर पवन्या आणि डोंगरी गवत, अगदीच खडकाळ किंवा फार चरलेलं असेल तिथे कुसळी. कुसळीचं बी मला फार आवडतं, त्याच्या लांब शेपटीला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडतो आणि सुकलं की परत पडतो, असं फिरत फिरत बी खड्यांच्या फटीत स्वतःच घुसतं. मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातड्यातही ते तसंच घुसतं, म्हणून धनगर मंडळी कुसळ धरायच्या आधी, गवत कोवळं असतानाच तिथे चारतात.

आणि ते खडे निरुपयोगी नाहीत बरं का. पावसाचा थेंब त्यांच्यावर फुटतो म्हणून खालची माती उडत नाही, उन्हात ओलही जरा उशिरा जाते. गवताच्या मुळ्यांमुळे पाणी सावकाश आत शिरतं, मुरमातून आणि खडकाच्या भेगांमधून खाली उतरतं आणि पायथ्याच्या विहिरींना तेच पाणी येतं. खडे वेचून जमीन साफ केली की ही साखळीच तुटते. याच खड्यांमधे धाविक पक्षी घरटं न बांधता उघड्यावर अंडी घालतो, दोन हातांवरून दिसत नाहीत. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, 1997 साली झालेलं, तिथली चिंकारा हरणं अशाच माळावर राहतात, आणि लांडगे तर अभयारण्याच्या बाहेरच्या माळांवरही फिरतात.

म्हणून दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी माळावर ओळीने खड्डे दिसले की मला खरंच वाईट वाटतं. हेतू चांगला असतो, लोक मनापासून येतात. पण दीड फुटाचा खड्डा घ्यायचा तर मुरूम फोडावा लागतो, तो मुरूम शेजारच्या गवतावर पडतो, गवत मरतं आणि त्या उघड्या जागेत गाजरगवत शिरतं. रोप टँकरवर दोन उन्हाळे काढतं, नंतर मूळ जायला जागा नाही, पाणी नाही. मातीतलं सेंद्रिय कर्ब वाढवायचं असेल तर ते काम गवताच्या मुळ्या इथे आधीपासून करतायत, दरवर्षी थोड्या मुळ्या मरतात, कुजतात, नव्या येतात.

शेताचा प्रश्न वेगळा आहे. हलक्या रानात तलावाचा गाळ टाकून कोणी पीक घेत असेल तर त्यात काही चूक नाही, आणि सीताफळाला तर हीच निचऱ्याची मुरमाड जमीन मानवते, पुरंदरचं सीताफळ उगाच नाव कमवून नाहीये. माझं म्हणणं न नांगरलेल्या माळाबद्दल आहे. तो एकदा जेसीबीने सपाट केला की वरची वीतभर माती मुरमात मिसळून जाते, आणि तेवढी माती परत व्हायला हजारो वर्षं लागतात.

तुमच्या गावाला असा माळ असेल तर ग्रामसभेत एवढंच मांडा, पावसाळा सुरू झाल्यापासून मारवेल-पवन्याचं बी पडेपर्यंत एक तुकडा चराईला बंद ठेवायचा आणि मग गवत विळ्याने कापून न्यायचं, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. झाडं हवीच असतील तर बोर, हिवर, खैर जिथे आपोआप उगवलेत तेवढेच राखा. आणि कापणी करताना बुडखा चार बोटं ठेवा, खरडून घेऊ नका.