टायर बदलायचे कधी आणि घ्यायचे कोणते: माझा अनुभव

आमची स्विफ्ट २०१९ ची. टायर गाडीबरोबर आलेलेच, आणि रनिंग चाळीस हजारांच्या पुढे गेलेलं. गेल्या वर्षी, २०२५ च्या दसऱ्याला माहेरी कारंजा लाडला जायचं ठरलं होतं. नाशिकहून निघून सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागायचं ते कारंज्यालाच उतरायचं. सुमारे चारशे किलोमीटर, तेही सगळे वेगात. त्यामुळे गणपती झाल्यावर टायरचा विषय काढला आणि घरात तीन मतं तयार झाली.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका म्हणाले, "ताई, अजून दहा हजार आरामात जातील." सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर चारही टायर बदला म्हणून लिहून दिलं. दीर म्हणाले, "वहिनी, सध्या पुढचे दोन टाका, मागचे पुढच्या वर्षी बघू." तिघंही अनुभवी, पण तिघांपैकी कोणीही खाली बसून टायर नीट बघितला नव्हता. मग मीच बघायचं ठरवलं.

सर्वात आधी तारीख. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपासून एक लांबलचक क्रमांक सुरू होतो, त्याच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. आमच्या टायरवर होतं १११९. म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूवर असतात आणि ती बाजू आत गेलेली असली तर गाडीखाली मोबाइल धरून फोटो काढावा लागतो. टायर साडेसहा वर्षांचे होते. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांपुढे टायर वापरूच नका, असं सांगतात. आमची गाडी मात्र उन्हात उभी असते. बाजूच्या रबरावर नखाने दाबलं की केसासारख्या बारीक भेगा उघडायच्या. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालंय, हे तिथेच कळलं. पावसात सिग्नलला ब्रेक दाबला की झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरायचं, त्याचाही उलगडा झाला.

मग नक्षीची खोली. नक्षीच्या खोल चरांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्याकडे कारसाठी कायद्याची मर्यादाही १.६ मिलिमीटरच आहे. मी एक साधं डेप्थ गेज मागवलं. मागे साडेतीन भरलं, पुढे मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला तीनच्या आसपास. काकांचं म्हणणं इथपर्यंत पटण्यासारखं होतं. त्यानंतर अलाइनमेंटवाल्याकडे गाडी लिफ्टवर चढवली आणि तो म्हणाला, "मॅडम, आतून हात फिरवा." पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर एका दिशेने बोटं गुळगुळीत सरकत होती, उलट्या दिशेने रबराच्या धारा टोचत होत्या. तिथे गेज लावलं तर १.८. गाडी जमिनीवर उभी असताना ही कड दिसतच नाही.

अशी खूण म्हणजे टो बिघडलेला, म्हणजे चाकांची आत-बाहेरची दिशा. दोन्ही कडा झिजल्या असत्या तर हवा कमी राहिली असं समजायचं, मधला पट्टा झिजला असता तर हवा जास्त. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअब्सॉर्बर बघायचे. कारण न शोधता नवे टायर चढवले तर नवेही तसेच जातात. आमच्याकडे टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यात, ढिलाई निघाली. तो आधी बदलून घेतला.

म्हणजे बदलायचे हे नक्की झालं. नेमका तेव्हाच ३ सप्टेंबरला जीएसटीचा निर्णय जाहीर झाला: टायरवरचा कर २८ वरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. दुकानात सगळे "दहा टक्के वाचतील" म्हणत होते. हिशेब तसा नाही. मूळ किंमत १०० धरली तर १२८ चे ११८ होतात, म्हणजे हातात पडणारी घट पावणेआठ टक्क्यांच्या जरा वर. २७,२०० रुपयांच्या कोटेशनवर साधारण २,१०० रुपये. तरी रक्कम लहान नव्हती आणि प्रवास दसऱ्याचा, म्हणजे २ ऑक्टोबरच्या तोंडावर होता. मी थांबले, पण तोवर गाडी गावातल्या गावात आणि सावकाशच चालवली. टायरला फुगा आला असता किंवा आतली तार दिसली असती, तर एक दिवसही थांबले नसते.

दोनच टायर टाकावेत का, यावर दिरांशी बराच खल झाला. दोन घेतलेच तर नवे मागे टाकावेत हे त्यांना आधी पटेना, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं पडतं, आपल्याला कळतं, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि तुमच्या-माझ्यासारख्या चालकाला सावरायला वेळच मिळत नाही. आमच्या बाबतीत चारही टायर एकाच वयाचे आणि मागचेही तितकेच कडक होते, म्हणून चारही घेतले.

साइज १८५/६५ आर १५, ८८ एच. रुंदी १८५ मिलिमीटर, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, १५ इंची रिम. ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो वजन पेलतं, एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग सहन होतो. दुकानदाराने १९५/६५ सुचवला, "गाडी रस्त्याला धरून बसेल" म्हणाला. त्याने चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि स्पीडोमीटर त्याच वेगाला आधीपेक्षा कमी दाखवू लागतो. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर जी साइज आहे तीच हवी, असं सांगितलं.

ब्रँडवर प्रत्येकाचं एक मत असतं. नाशिकमध्ये सातपूरला सिएटचा कारखाना, त्यामुळे शेजाऱ्यांचा आग्रह तिकडे. माहेरी एमआरएफशिवाय दुसरं नाव निघत नाही. मी प्रश्न बदलला. मला साठ हजार किलोमीटर चालणारा टायर नको होता. आमचं रनिंग वर्षाला सहा-सात हजार, नक्षी संपण्याआधी वयच संपतं. त्यामुळे जास्त टिकण्यासाठी बनवलेलं कडक रबर माझ्या उपयोगाचं नाही. मला ओल्या रस्त्यावर लवकर थांबणारा टायर हवा होता. बाजूवर ट्रॅक्शनची, म्हणजे पकडीची, श्रेणी छापलेली असते: एए, ए, बी, सी. ती सरळ ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगची असते. ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, आकडा मात्र कंपनी स्वतःच ठरवते, दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. अपोलो अल्नॅक, योकोहामा अर्थ-१ आणि मिशेलिनचा एक्सएम२ प्लस हे तीन शेवटपर्यंत होते. मिशेलिन घेतला, थोडा महाग असूनही. एका ओळखीच्यांनी सेकंडहँड टायर सुचवले होते. ते मी बघितलेही नाहीत: झिजलेल्या रबरात नव्याने चर कोरून विकलेले टायर बाहेरून छान दिसतात आणि कोरलेल्या जागी रबर पातळ झालेलं असतं.

२२ तारखेनंतर दुकानात गेले तेव्हा तीन टायरवर २०२५ चा आठवडा होता आणि चौथ्यावर ०९२४. दीड वर्ष जुना. "मॅडम, वापरलेला नाही, गोडाउनलाच होता," असं उत्तर आलं. नीट ठेवलेला असता तर तो वाईट ठरत नाही, हे मलाही मान्य आहे. पण पैसे चारही टायरचे सारखेच द्यायचे होते. बदलून द्या म्हटलं. दुसऱ्या दिवशी आला. बसवण्याआधी तारीख बघा, रिमवर चढल्यावर कोणी ऐकत नाही.

बसवताना व्हॉल्व्ह नवे घेतले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंटची प्रिंट आधीची आणि नंतरची अशी दोन्ही मागून घेतली. हवेऐवजी नायट्रोजन भरायला नको म्हटलं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच.

हवेबद्दल मात्र जरा जोर देऊन लिहिते. "समृद्धीवर सिमेंटचा रस्ता तापतो, दोन-तीन पॉइंट हवा कमी ठेवा," असा सल्ला मला तिथेही मिळाला. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने उष्णता होते आणि १२० च्या वेगात तासन्‌तास ही उष्णता साठत जाते. टायर त्यानेच फुटतो. दहा अंश तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआय (दाबाचा पॉइंट) वाढतो, ते गृहीत धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो. तो गार टायरचा आकडा आहे, पहाटे निघण्याआधी भरायचा. समृद्धीवरच्या अपघातांनंतर २०२३ मध्ये आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत फिरवल्या, तेव्हा बऱ्याच जणांना राग आला होता. मला ती तपासणी कायम हवी असं वाटतं, आणि तिथे हवेचं गेजही ठेवावं.

निघण्याआधी दोनेकशे किलोमीटर गावात सावकाश चालवून घेतले, कारण नव्या टायरवर साच्याचा थोडा तेलकटपणा असतो. चाकांचे नट गनने आवळले होते, ते शंभरेक किलोमीटरनंतर पान्याने पुन्हा तपासून घेतले.

आता स्टेपनी उरली आहे. ती १४ इंची लोखंडी रिमवर आहे, एकदाही रस्त्याला लागलेली नाही, पण तिच्यावरही २०१९ च छापलंय. यंदाच्या पावसाआधी तीही बदलायची आहे.